मेणाची बाहुली

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, हिला आता या वयात फ्रेंच गाण्यांचं वेड कुठून लागलं? वेड कसलं हो! थोरली नात यंदा पुण्याला अकरावीत, तिथे तिनं फ्रेंच घेतलंय. सुटीत आली की हिचा पाठ सुरू. मी मटार सोलायला बसले की ही शेजारी बसून फोनवर गाणी लावते आणि अर्थ सांगते. त्यातलंच एक गाणं माझ्या मनात असं घर करून बसलं की तुम्हांला सांगितल्यावाचून राहवेना.

गाणं १९६५ सालचं. युरोपातले देश दरवर्षी आपापलं एकेक गाणं घेऊन एका स्पर्धेत उतरतात, युरोव्हिजन म्हणतात तिला. १९५६ मध्ये सात देशांनी सुरू केलेली ही स्पर्धा अजून चालू आहे. स्वतःच्या देशाला मत द्यायचं नाही, हा त्यातला नियम मला फार आवडला. आपल्याकडच्या पाककृती स्पर्धांनाही लावायला हरकत नाही!

तर त्या वर्षी २० मार्चला इटलीतल्या नेपल्स शहरात अठरा देश जमले होते. लक्झेंबर्ग हा त्यातला एवढासा देश. त्यांनी गाणारी आणली फ्रान्सची. नाव फ्रान्स गाल, वय वर्षं सतरा. खरं नाव इझाबेल. पण त्याच नावाची दुसरी एक गायिका आधीच प्रसिद्ध होती, म्हणून हिचं नाव बदललं. म्हणजे बघा, आपल्याकडे लग्नात नाव बदलायचे, हिचं गाण्यासाठी बदललं. वडील रोबेर गाल गीतकार, शार्ल अझनावूरसाठी गाणी लिहिणारे. घरात गाणंच गाणं.

गाणं लिहिलं नि चाल लावली सर्ज गेन्सबुर या छत्तीस वर्षांच्या गृहस्थानं. 'पूपे द सीर, पूपे द सों' हे त्याचं नाव. पूपे म्हणजे बाहुली, सीर म्हणजे मेण. 'सों' या शब्दाला मात्र दोन अर्थ, एक कोंडा आणि दुसरा आवाज. जुन्या काळी तिकडे कापडी बाहुलीच्या पोटात कोंडा भरत. म्हणजे मेणाची बाहुली, कोंड्याची बाहुली, आणि आवाजाचीही बाहुली. ही बाहुली काय सांगते? की मी प्रेमाची गाणी गाते खरी, पण प्रेम म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. दुसऱ्यानं लिहून दिलेलं मी गाते.

नात म्हणाली, "आजी, गंमत कळली का? एका मुलीला उभं करून तिच्याच तोंडून वदवलंय, की मी बाहुली आहे." माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

तो कार्यक्रम नातीनं मला दाखवला. काळं-पांढरं चित्र, हलक्या रंगाचा साधा झगा, कपाळावर केसांची झालर. हसून नखरे करणं नाही, काही नाही. धडधडत्या चालीवर ती सरळ उभी राहून गाते. त्या काळी या स्पर्धेत संथ, गहिवरलेली गाणी जिंकत. हिचं गाणं घोड्यासारखं उधळलेलं. तरी ३२ गुण मिळवून पहिली आली. इंग्लंडची गायिका २६ गुणांवर दुसरी. मग काय, हेच गाणं जर्मनमध्ये, इटालियनमध्ये, अगदी जपानीतसुद्धा तिच्याकडून म्हणवून घेतलं. तिचा तेव्हाचा मित्र क्लोद फ्रान्स्वा, तोही गायकच. जिंकल्यावर तिनं त्याला फोन केला, तर तू बेसूर गायलीस असं म्हणाला म्हणे. जिंकलेल्या रात्री! घरचं माणूस ते घरचं माणूस, कुठल्याही देशात.

इथवर ठीक होतं. पुढच्या वर्षी, १९६६ मध्ये, त्याच गेन्सबुरनं तिला आणखी एक गाणं दिलं. लहान मुलीला बडीशेपेच्या वासाच्या लॉलीपॉप फार आवडतात, असं वरवर बालगीत. ही अठरा वर्षांची मुलगी भाबडेपणानं गात सुटली. लिहिणाऱ्याला, वाजवणाऱ्यांना, ऐकणाऱ्या मोठ्या माणसांना त्यातला दुसरा अर्थ कळत होता. तो काय ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या. कळत नव्हता तो फक्त तिला. ज्या दिवशी कळला, त्या दिवसापासून ती कितीतरी दिवस घराबाहेर पडली नाही. मोठ्या माणसांनी आपल्याला फसवलं, हे दुःख तिनं पुढे आयुष्यभर बोलून दाखवलं.

नातीनं हे सांगितलं आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. उगाच. गॅसवर काही नव्हतं.

आता माझं सांगते. साल १९६९ असेल, मी बारा वर्षांची. तालुक्याच्या गावी आमचा वाडा, गणपतीत मेळा. पेटी शिकवायला एक मास्तर यायचे. त्यांनी मला एक लावणी बसवून दिली. कुठे थांबायचं, कुठे मान वेळावायची, सगळं घोटून घेतलं. आवाज माझा चांगला होता, खोटं कशाला बोलू? मी गायले आणि पुढे बसलेली पुरुषमंडळी हसून हसून लोळली. मला वाटलं, वा, काय रंगलं! कुणीतरी पाच रुपयांची नोट दिली. ती मुठीत घट्ट धरून मी घरी आले, तर आई एक शब्द बोलेना. दुसऱ्या दिवशी मास्तरांची शिकवणी बंद. का, ते तिनं सांगितलं नाही. मी आठ दिवस रडले, आणि मग कितीतरी वर्षं मनात धरून बसले की आईला माझं गाणं सोसत नाही.

लग्न होऊन मी इकडे आले, तेव्हा मी वीस वर्षांची. एकदा पापड लाटताना शेजारणी जमल्या होत्या. एकीनं तीच लावणी गुणगुणली, दुसरी फिसकन हसली, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ओळ न् ओळ कळली. मैत्रिणींनो, लाटणं हातात तसंच धरून मी आठ वर्षांपूर्वीच्या शरमेनं लाल झाले. त्यानंतर मी गायलेच नाही. हळदीकुंकवात नाव घ्यायचं तेवढं घेतलं. आईला विचारायचं ठरवत होते, तर आज नाही उद्या करता करता आई गेली.

फ्रान्स गाल मात्र माझ्यासारखी गप्प बसली नाही. ते 'बाहुली'चं गाणं पुढे तिला गावंसं वाटेना, त्या स्पर्धेबद्दल बोलणंही नको असे. काही वर्षं कामाच्या दृष्टीनं फार कठीण गेली. मग मिशेल बेर्जे हा संगीतकार भेटला. १९७६ मध्ये त्यांचं लग्न झालं, आणि त्याची गाणी ती समजून, मनापासून गायली. १९८७ मध्ये एला फिट्झजेराल्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेवरचं तिचं गाणं फ्रान्सबाहेरही गाजलं. सुख मात्र पुरतं लाभलं नाही. १९९२ मध्ये नवरा हृदयविकारानं गेला, अवघा ४४ वर्षांचा. १९९७ मध्ये एकोणीस वर्षांची लेक गेली, जन्मापासूनचा आजार. २०१८ च्या जानेवारीत, सत्तराव्या वर्षी, ती स्वतः गेली. तिचं उतारवयातलं बोलणं मी पाहिलं. हसरी, ठाम बाई. बाहुलीचा मागमूस नाही.

हे सगळं मी तुम्हांला आत्ताच का सांगत्ये, तर गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीत धाकट्या नातीचा नाच बसवला होता. वय वर्षं आठ. सिनेमातलं गाणं, कंबर हलवायची, डोळा घालायचा. मी सूनबाईला म्हटलं, "हे नको गं." ती म्हणाली, "आई, अहो आजकाल सगळ्याच मुली करतात, तिला कुठे अर्थ कळतोय?"

"तिला नाही कळत, म्हणून तर नको," मी म्हटलं. दोन दिवस आमच्यात धुसफूस. ड्रेस शिवून आलेला, बाराशे रुपये मोजलेले. 'ह्यां'नी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात डोकं घातलं. तिसऱ्या दिवशी रात्री भांडी आवरताना मी सूनबाईला माझी लावणीची गोष्ट सांगितली. पन्नासहून अधिक वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. ती काही बोलली नाही. हातातली कढई तिनं दोनदा विसळली.

सकाळी उठून पाहते तर धाकटी रडतेय, आईनं गाणं बदललं म्हणून. मी तिला मांडीवर घेतलं आणि का बदललं ते तिला कळेल इतपत सगळं सांगितलं. ड्रेस तोच ठेवला. गाणं कोणतं घ्यायचं यावर मग तिघींचा खल सुरू झाला, तर धाकटी डोळे पुसत म्हणाली, "आजी, तू म्हणून दाखव ना एखादं."

आवाज फुटायला जरा वेळ लागला.