गोजिऱ्याच्या गावी

मराठी कान घेऊन टोकियोला जाणाऱ्या माणसाची तिथे एका राक्षसाच्या नावावरून हटकून फसगत होते. इंग्रजीच्या कृपेने आपण ज्याला 'गॉडझिला' म्हणतो, त्याचे मायदेशातले नाव आहे 'गोजिरा'! 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा. ह्या दोन शब्दांची मोडतोड करून हे नाव जुळवले आहे. आपल्या घरात गोजिरे म्हणजे पाळण्यातले बाळ, फार तर मांजरीचे पिल्लू. पन्नास मीटर उंचीचा, तोंडातून विषारी फूत्कार सोडणारा आणि आगगाडीचे डबे दातांत धरून उचलणारा प्राणी गोजिरा कसा असेल? पण टोकियोत चार दिवस हिंडल्यावर वाटू लागते की नाव आपल्या अर्थानेही अगदीच चुकलेले नाही. त्याच्या चित्रांचे पेले आहेत, रुमाल आहेत, बिस्किटांचे डबे आहेत. शिंजुकूच्या काबुकिचो भागात तर एका उंच इमारतीच्या गच्चीवरून त्याचे मुंडके २०१५ सालापासून खाली डोकावत असते. त्याच वर्षी शिंजुकूच्या नगरसंस्थेने त्याला पर्यटनदूत नेमले! ज्याने शहर तुडवले त्यालाच पाहुण्यांच्या स्वागताला उभे करायचे, ह्यातला विनोद जपानी माणूस अत्यंत गंभीर चेहऱ्याने करतो.

माझा मामेभाऊ नोकरीनिमित्त टोकियोत राहतो. त्याच्याकडे गेले असताना त्याने विचारले, "ताई, तुला काय काय दाखवू? देवळं, बागा, की फुजीचा डोंगर?" मी म्हटले, "मला गोजिरा दाखव." तो हसला, पण त्याची आठ वर्षांची लेक एकदम माझ्या पक्षाला आली.

आम्ही पहिल्याने हिबियाला गेलो. हिबिया म्हणजे टोकियोतली नाटक-सिनेमांची पेठ. एका अंगाला राजवाड्याचा खंदक, दुसऱ्या अंगाला गिंझाची उंची दुकाने. तिथल्या छोट्याशा चौकात गोजिऱ्याचा पुतळा आहे. १९९५ पासून तिथे एक लहानखुरा पुतळा होता. २०१८ साली त्याच्या जागी हा नवा आणला. चौथऱ्यासकट उंची तीनएक मीटर. भोवती फोटो काढणाऱ्यांची रांग. कोणी पंजे उगारून त्याची नक्कल करीत होते, कोणी भ्याल्याचा आव आणीत होते. "आत्या, ह्याचं नाव गोजिरा, पण हा दिसतो किती खडबडीत!" असे आमच्या छोट्या मंडळींनी जाहीर केले. हा खडबडीतपणा हिरोशिमात भाजलेल्या माणसांच्या अंगावरच्या व्रणांवरून घेतला होता असे म्हणतात. ते मी तिला तेव्हा सांगितले नाही.

हिबियापासून चालत पाच-सात मिनिटांवर युराकुचो स्टेशन आहे. त्याच्या समोर पूर्वी 'निचिगेकी' नावाचे गोलाकार दर्शनी भिंतीचे मोठे नाट्यगृह होते. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी 'गोजिरा' जपानात झळकला. ह्या चित्रपटात राक्षस गिंझात येतो, 'वाको'च्या दुकानावरचे घड्याळ टोले देऊ लागते म्हणून चिडून ते फोडतो आणि पुढे जाता जाता त्याची शेपटी निचिगेकीवर आपटते. आता कल्पना करा: निचिगेकीच्या खुर्चीत बसून माणूस चित्रपट पाहतो आहे आणि पडद्यावर निचिगेकीच कोसळते आहे! ते पाहून प्रेक्षक चपापून छताकडे पाहू लागले, ही गोष्ट अजून सांगितली जाते. गंमत अशी, की शेपटीने पाडलेले ते नाट्यगृह पडद्याबाहेर मात्र १९८१ पर्यंत उभे होते. मग ते खरोखरीच पाडले आणि तिथे 'मारिओन' ही काचांची इमारत आली. वाकोचे घड्याळ मात्र अजून चालते. ही १९३२ सालची इमारत युद्धातल्या आगीतूनही वाचली होती.

चित्रपटाची सुमारे ९६ लाख तिकिटे खपली. काही समीक्षकांनी नाक मुरडले, ताज्या दुःखाचे भांडवल केले म्हणून ठपकाही ठेवला. पण प्रेक्षक पाहत राहिले, आणि कित्येक जण डोळे पुसत बाहेर पडले, असे त्या काळच्या आठवणींत येते. रबरी कातडे पांघरलेला एक नट खेळण्यातली घरे तुडवतो आहे आणि शहाणीसुरती माणसे रडताहेत! ह्याचा उलगडा हिबियाच्या चौकात होत नाही. त्यासाठी गाडी बदलून खाडीच्या काठी युमेनोशिमाला जावे लागते.

युमेनोशिमा म्हणजे स्वप्नांचे बेट. नाव काव्यमय, पण जमीन सगळी शहराच्या कचऱ्याने भराव घालून केलेली. आता तिथे झाडी आहे आणि झाडीत एक उंच उतरत्या छपराचे संग्रहालय. आत फक्त एक जहाज. लाकडी, तीसएक मीटर लांब, मासेमारीचे. नाव 'दाइगो फुकुर्यू मारू', म्हणजे भाग्यवान नागराज, क्रमांक पाच. १ मार्च १९५४ च्या पहाटे हे जहाज बिकिनी बेटापासून सुमारे १६० किलोमीटरवर ट्यूना मासे पकडीत होते. पश्चिमेला सूर्य उगवल्यासारखा उजेड पडला. अमेरिकेने हायड्रोजन बाँबची चाचणी केली होती. काही तासांनी आभाळातून पांढरी राख पडू लागली, इतकी की डेकवर पावलांचे ठसे उमटावेत. ती पोवळ्याच्या खडकाची, किरणोत्सर्गाने भारलेली भुकटी आहे हे त्या तेवीस खलाशांना कोण सांगणार? ते १४ मार्चला याइझू बंदरात परतले तेव्हा त्यांच्या अंगावर फोड होते, केस गळत होते. जहाजावरचे मासे बाजारात गेलेही होते.

मग सगळ्या देशाची झोप उडाली. आठशेहून अधिक बोटींच्या जाळ्यांतून दूषित मासे निघाले; ते पुरावे लागले किंवा समुद्रात टाकावे लागले. टोकियोच्या त्सुकिजी बाजारात ट्यूनाला गिऱ्हाईक उरले नाही. मे महिन्यात पावसातही किरणोत्सर्ग सापडला. मासा आणि पाऊस! आपल्या कोकणातल्या माणसाला सांगून पाहा, की आजपासून ह्या दोन्हींना भ्यायचे. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी ह्या बाँबविरुद्ध सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि वर्षाच्या आत-बाहेर तीन कोटींच्या वर सह्या जमल्या. जहाजाचा बिनतारी यंत्रचालक आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारला. त्यानंतर सहा आठवडे पुरे होण्याच्या आतच 'गोजिरा' पडद्यावर आला, आणि त्याचे पहिले दृश्य कोणते? शांत समुद्र, डेकवर बाजा वाजवणारे खलाशी, आणि अचानक डोळे दिपवणारा उजेड. त्या प्रेक्षकांना पुढचे काही समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

मी तो चित्रपट मामेभावाच्या घरी पाहिला. पहिला अर्धा तास लेक खिदळत होती. आगगाड्या खेळण्यातल्या आहेत हे तिने लगेच ओळखले. मग मात्सुझाकाया दुकानाच्या भिंतीशी एक आई दोन-तीन लेकरांना पोटाशी धरून बसलेली दिसली. ती त्यांना समजावते, की आता थोड्याच वेळात आपण बाबांकडे जाऊ. "म्हणजे कुठे?" असे लेकीने विचारले आणि कोणीच उत्तर दिले नाही. १९५४ साली ज्यांनी हे पाहिले त्यांच्यातल्या कित्येकांनी १० मार्च १९४५ ची रात्र काढली होती. त्या एका रात्री टोकियोत सुमारे एक लाख माणसे जळून मेली. दिग्दर्शक इशिरो होंदा स्वतः चीनच्या आघाडीवरून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमावरून आला होता. अमेरिकेचा अंमल १९५२ पर्यंत होता आणि आरंभीच्या वर्षांत अणुबाँबविषयी मोकळेपणी छापण्यालाही बंदी होती. जे बोलता येत नव्हते ते पडद्यावर राक्षसाच्या वेषात चालत आले.

सगळेच काही रडण्याजोगे नव्हते. गोजिरा संसदभवन फोडतो तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या म्हणे! लोकप्रतिनिधींविषयीच्या भावना सर्व देशांत सारख्याच असाव्यात. इथे एक बारकावा सांगण्याजोगा आहे. त्या काळी टोकियोत एकतीस मीटरपेक्षा उंच इमारत बांधण्यास कायद्याने मनाई होती. म्हणून पन्नास मीटरचा गोजिरा साऱ्या शहराच्या वर खांद्यापासून दिसतो. त्याच्याहून उंच ते पासष्ट मीटरचे संसदभवनच काय ते. पुढे इमारती वाढल्या तसा राक्षसही वाढवावा लागला. २०१६ सालचा गोजिरा ११८ मीटरच्या वर गेला!

अमेरिकेत हा चित्रपट १९५६ साली गेला तो कातरून, मध्ये रेमंड बर नावाच्या नटाला वार्ताहर म्हणून चिकटवून. आगगाडीतली एक तरुणी मूळ चित्रपटात म्हणते, की नागासाकीतून कशीबशी जगले आणि आता हे; ते वाक्य तिकडे गेलेच नाही. तिथल्या प्रेक्षकांना मिळाला तो नुसता धिप्पाड प्राणी. त्यांनी पॉपकॉर्न खाल्ले तर त्यांचा काय दोष? मूळ प्रत तिकडच्या चित्रपटगृहांत लागायला २००४ साल उजाडले. आणि जपानी तरी कुठे मागे राहिले? १९६२ साली त्यांनी गोजिऱ्याची किंगकाँगशी कुस्ती लावली, तिला पहिल्याहून जास्त गर्दी झाली. १९६७ साली त्याला एक बाळही दिले. रडणारे प्रेक्षक मुलांना कडेवर घेऊन हसायला येऊ लागले. ह्याला विसरणे म्हणावे की सावरणे, हे मला ठरवता येत नाही. मात्र २०१६ च्या चित्रपटात सरकारी अधिकारी बैठकांवर बैठका घेतात आणि शहर बुडते, तेव्हा २०११ चा भूकंप आणि फुकुशिमा पाहिलेले लोक पुन्हा गंभीर झाले. शिंजुकूत तर त्या ऑगस्टमध्ये खास खेळ ठेवला, ज्यात प्रेक्षकांना ओरडण्याची मुभा होती. एरवी जपानी चित्रपटगृहात शेवटची नामावली संपेपर्यंत कोणी खोकतही नाही. २०२३ च्या चित्रपटात निचिगेकी पुन्हा एकदा कोसळली, आणि त्या करामतींना पुढच्या वर्षी ऑस्करही मिळाले.

आपल्याकडे राक्षस मेला की दिवाळी. नरकासुर पडला म्हणून पहाटेचे अभ्यंगस्नान, पायाखाली कारीट; गोव्यात तर रात्रभर मिरवलेला नरकासुर उजाडता उजाडता जाळतात. गोजिरा मरतो तेव्हा पडद्यावर एक बातमीदार तेवढा विजयाच्या भरात बोलत असतो. बाकी जहाजावर सारे गप्प उभे. त्याला मारणारा शास्त्रज्ञ आपले भयंकर अस्त्र पुन्हा कोणाच्या हाती पडू नये म्हणून त्याच्याबरोबरच समुद्राच्या तळाशी राहिलेला असतो. वृद्ध प्राध्यापक, म्हणजे कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराय'मधला तोच ताकाशी शिमुरा, पुटपुटतो की चाचण्या चालूच राहिल्या तर असाच दुसराही येईल.

युमेनोशिमाच्या जहाजाचीही कहाणी राक्षसाइतकीच विलक्षण आहे. नाव बदलून ते मत्स्यविद्यालयाकडे शिकाऊ जहाज म्हणून राबले, १९६७ साली भंगारात निघाले आणि ह्याच कचऱ्याच्या बेटावर कुजत पडले. १९६८ साली एका तरुणाने वर्तमानपत्राला पत्र लिहिले, लोक जमले, पैसे जमले आणि १९७६ साली संग्रहालय उघडले. इंजिन तोपर्यंत दुसऱ्याच बोटीत बसवून तिच्याबरोबर समुद्रात बुडाले होते. तेही १९९६ साली वर काढून आता बाहेर ठेवले आहे, गंजून लाल झालेले. जवळच पुरलेल्या ट्यूना माशांच्या स्मरणार्थ एक दगड आहे. आम्ही गेलो तेव्हा सगळ्या आवारात आमच्याखेरीज चार-पाच माणसे होती. लेकीने जहाजाला एक फेरी घातली आणि विचारले, "आत्या, ह्याच्यावर गोजिरा आला होता?" मामेभाऊ म्हणाला, "नाही बाळा, ह्याच्यानंतर आला."

रात्री भावजयीने मला जपानी जेवण म्हणून माशांचा बेत केला होता. ताटात ट्यूनाचे लाल तुकडे होते. लेकीने दोन जास्त मागून घेतले.