थोरली कोण?

आमच्या घरात थोरली सून कोण, हा प्रश्न २००८ सालापासून अनिर्णित आहे. लग्न होऊन मी सांगलीच्या घरात आले ती २००६ च्या वैशाखात. पण मी धाकट्या मुलाची बायको. थोरल्या दिरांनी लग्नाला होकार दिला तो त्यानंतर दोन वर्षांनी. त्यामुळे जाऊबाई घरात मागून आल्या आणि तरीही माझ्याहून मोठ्या ठरल्या. दोन वर्षे गौरी घरात आणण्याचा मान माझा होता. त्या भाद्रपदात सासूबाईंनी तो जाऊबाईंच्या हाती दिला. मी हसतमुखाने दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावले काढली आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडले. मराठी शिकवण्याचा धंदा असल्यामुळे त्या रडण्याला मी पुष्कळ भारदस्त नावे दिली. खरे नाव एकच होते : माझा नंबर गेला होता!

माझे माहेर साताऱ्याचे. वडिलांनी, म्हणजे नानांनी, साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेत उभा जन्म काढला. सासरे, अण्णा, सांगली बँकेतले. दोघेही कारकुनीपासून चढलेले, दोघांनीही उमेदीच्या काळात कामगार संघटनेच्या वर्गणीच्या पावत्या फाडलेल्या. सोयरीक जुळवताना पत्रिकेपेक्षा ह्याच गोष्टीचा उपयोग अधिक झाला. आणि योगायोग असा, की १९३६ साली निघालेली नानांची बँक माझ्या लग्नाच्याच वर्षी, ऑक्टोबरात, आयडीबीआय बँकेत विलीन झाली. अण्णांची १९१६ सालची बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली. दोघेही तोवर निवृत्त झालेले होते. कुणाचे पेन्शन अडले नाही, की कुणाची बदली झाली नाही. तरी नाना बरेच दिवस पोवई नाक्याकडे फिरायला जाईनासे झाले. पाटी बदललेली बघवत नाही, असे ते म्हणाले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले.

हे सारे आठवायचे कारण विमाने. त्याच २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स ह्या दोन सरकारी कंपन्यांची एक कंपनी झाली. एक परदेशी जाणारी, दुसरी देशात हिंडणारी. इंडियन एअरलाइन्स हीच मुळी १९५३ साली आठ कंपन्या एकत्र करून घडवलेली. म्हणजे विलीनीकरण तिला नवे नव्हते. कंपन्या कागदावर एका दिवसात एक होतात, पण माणसे आपापल्या रांगा घेऊन येतात. एअर इंडियाच्या वैमानिकांची संघटना इंडियन पायलट्स गिल्ड, इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. घर एक, आणि चुली दोन! मालकापुढे वैमानिकांच्या वतीने बोलायचे कुणी, ह्यावर दोघींचाही दावा.

२०११ च्या एप्रिलअखेरीस असोसिएशनने संप केला. मागणी अशी, की कंपनी एक तर पगारही एक हवा. तो दहा दिवस चालला. पुढच्या वर्षी, मे २०१२ मध्ये, गिल्डचे वैमानिक आजारीपणाच्या रजेवर गेले. ड्रीमलायनर नावाची नवी विमाने यायची होती आणि त्यांचे प्रशिक्षण दोन्हीकडच्या वैमानिकांना मिळणार होते. ते गिल्डला मान्य नव्हते.

नेमक्या त्याच दिवसांत साताऱ्याला माझ्या मुलीचे बारसे होते. अण्णा सांगलीहून भडंगाचा डबा घेऊन आले. नानांनी कंदी पेढे पुढे केले. वर्तमानपत्र मध्ये पडले होते. जन्मात विमानात पाऊल न ठेवलेले हे दोन व्याही बघता बघता वैमानिक होऊन बसले.

"अहो अण्णा, ती विमाने विलीनीकरणाच्या आधीच मागवलेली. एअर इंडियाने, एअर इंडियासाठी," नाना म्हणाले. "त्या विमानांच्या आशेवर पोरे वर्षानुवर्षे रांगेत उभी. आता मधूनच दुसरी रांग येऊन घुसणार?"

"घुसणार कशाला? आता रांगच एक आहे," अण्णा म्हणाले. "नाना, तुम्ही हातातला पेढा वाटून खाता, आणि विमान मात्र वाटून नको?"

"पेढा कुणी नोकरीत लागल्याची तारीख लावून खात नाही!"

आवाज इतके चढले, की पाळण्यातली कन्या जागी झाली आणि आत्याने कानात सांगण्याआधीच रडू लागली. सासूबाई आतून म्हणाल्या, "अहो, विमान जमिनीवर घ्या आता!"

दुपारी नाना उठले आणि कपाटातून एक पिवळा पडलेला कागदांचा गठ्ठा घेऊन आले. सायक्लोस्टाईल केलेली बँकेची ज्येष्ठता यादी होती. निवृत्त झालेल्यांच्या नावांवर त्यांनी लाल शाईने रेघा मारलेल्या. स्वतःच्या नावावरही एक, पट्टी लावून मारलेली. अण्णांनी चष्मा लावला आणि आपल्या ओळखीचे एकही नाव नसलेली ती यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग हळूच म्हणाले, "आमची मी रद्दीत दिली. द्यायला नको होती." वैमानिकांचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मला मात्र त्या यादीने चाळा लावला. पुढे शोधून वाचू लागले, तेव्हा कळले की हा रोग आपल्यापुरता नाही. अमेरिकेत २००५ साली यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट ह्या कंपन्या एक झाल्या. पहिलीचे वैमानिक वयाने आणि नोकरीने जुने, पण त्यांच्यातले पुष्कळ जण सक्तीने घरी बसवलेले. दुसरीचे तरुण, पण कामावर. लवादाने २००७ साली यादी लावली, तीत घरी बसलेल्या जुन्यांना कामावरच्या नव्यांच्या खाली टाकले. जुने चिडले, त्यांनी नवीच संघटना काढली. तिकडे कामगारांच्या वतीने बोलायचे कुणी, हे मतदानाने ठरते. जुने संख्येने जास्त होते, म्हणून २००८ साली त्यांची संघटना जिंकली. पण मताने प्रतिनिधी बदलला तरी यादीचे भांडण मिटले नाही. ते पुढे कैक वर्षे कोर्टकचेऱ्यांत फिरत राहिले. मला त्यातले मर्म असे वाटले, की दोन्ही बाजू खरे बोलत होत्या. एकाने आयुष्यातली वर्षे मोजली, दुसऱ्याने हातातले काम मोजले.

गिल्डचा संप ५८ दिवस चालला आणि जुलैत मिटला. दोन संपांच्या पायी दोन्ही संघटनांची मान्यता कंपनीने काढून घेतली होती. भांडण कुणी बोलावे ह्याचे. बोलण्याचा हक्क दोघांच्याही हातून गेला. सप्टेंबरात ड्रीमलायनर दिल्लीला उतरले.

त्या बारशाच्या रात्री जाऊबाई माझ्यापाशी बसल्या होत्या. सगळे निजले होते. त्या एकाएकी म्हणाल्या, "त्या वर्षी गौरी आणताना तुम्ही पावले किती सुरेख काढलीत! मला घरात येऊन चारच महिने झालेले. तबक कुठे असते, ते तुम्हांला विचारावे लागले. सगळ्यांसमोर वाटले, मान माझा आणि घर तुमचे."

चार वर्षे मी माझे रडे जपून ठेवले होते. त्यांच्याही उशीला एक बाजू ओली असेल, हे मला सुचले नव्हते! मी काहीच बोलू शकले नाही. पाळणा हलवत राहिले. पुढच्या गौरींना आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो, आणि एकीने ज्येष्ठा, दुसरीने कनिष्ठा आत आणली. कोणती कुणी, ते मात्र सांगणार नाही. तो प्रश्न, म्हटले ना, अनिर्णित आहे.

अण्णा २०१९ साली गेले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली, आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा तिच्यात विलीन झाली. त्या आठवड्यात मी साताऱ्याला होते. नानांनी भिंगातून बातमी वाचली आणि वर्तमानपत्र मांडीवर ठेवले.

"ह्यांनी यादी कशी लावली असेल ग?" त्यांनी विचारले. मग टेलिफोनकडे हात नेला, आणि मध्येच थांबवला.

"काय झाले, नाना?"

"काही नाही," ते म्हणाले, "सांगलीला फोन करणार होतो."