शेरा

निवडणूक जवळ आली की आमच्याकडे ती सगळ्यांत आधी शाळेला कळते. खोल्या किती, वीज आहे का, पाण्याची सोय काय, अशी विचारणा करणारे पत्र येते. शिपाई ते टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "आलं बघा सर, इलेक्शन." ग्रामपंचायतीच्या मागच्या निवडणुका २०२० च्या डिसेंबरात झाल्या. मुदत पाच वर्षांची. त्यामुळे पुढच्या निवडणुकीसाठी यादी तपासायचे काम आता निघाले आहे. गावातले हे काम अंगणवाडीच्या बाईंकडे आहे. त्या संध्याकाळी यादी घेऊन माझ्याकडे येतात, कारण अर्धे गाव माझ्या हाताखालून गेलेले आहे.

पण यादी समोर आली की माझा हात अजून आखडतो. त्याचे कारण जुने आहे.

२००० सालच्या पंचायत निवडणुकीच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा खानापूर तालुक्यातल्या एका जंगलपट्टीच्या गावी सहशिक्षक होतो. घरोघर जाऊन यादी तपासण्याचे काम माझ्याकडे आले. यादी कानडीत; ती वाचता येते याचा मला तेव्हा थोडा गर्वही होता. एका घराला कुलूप दिसले. शेजारी म्हणाले, "म्हातारी गेली गोव्याला लेकीकडं. आता कशाला येतीया?" मी लाल शाईने नावापुढे शेरा मारला : स्थलांतरित. अंगणातल्या तुळशीला कुणीतरी त्याच दिवशी पाणी घातलेले होते. ते मी पाहिले होते. पण उन्हे चढली होती आणि अजून चाळीस घरे व्हायची होती.

मतदानाच्या दिवशी माझी नेमणूक दूरच्या गावी होती. मतपेट्या जमा करून दुसऱ्या दिवशी परतलो, तर शाळेच्या पायरीवर एक म्हातारी बसलेली. तिने डावा हात पुढे केला. बोट कोरे होते.

"मास्तर, मी मेलो न्हवं की ओ. लेकीचं बाळंतपण कराय गेल्तो. मत घालाय म्हणून दोन गाड्या बदलून आलो, तर नावच न्हाई म्हणतात."

ओरडली असती तर बरे झाले असते. ती नुसती विचारत होती. तिच्या गल्लीत नळ नव्हता, आणि उभा राहिलेल्यांपैकी एकाने तो आणतो म्हणून सांगितले होते. त्याला मत घालायला ती आली होती. ज्यांनी ती गेल्याचे मला सांगितले, त्यांचा आणि तिचा परसाच्या बांधावरून वाद होता, हे मला पुढे कळले. मी कुणाला दोष देणार? विचारले मी, लिहिलेही मीच.

त्यानंतर मी कायदा वाचला, म्हणजे आधी करायचे ते नंतर केले. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २० व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, तात्पुरते बाहेरगावी गेल्याने माणसाचा रहिवास सुटत नाही. शिवाय नाव वगळण्यापूर्वी त्या माणसाला म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. शेजाऱ्याचा शब्द पुरत नाही. मी तिचा नमुना ६ भरला, तिने अंगठा दिला. पुढच्या यादीत नाव आले, पण ६३ चे वय ३६ पडून आले. ते सांगितल्यावर ती मात्र खूप हसली.

आमच्या भागात हा प्रश्न घरटी आहे. गवंडीकामाला, हॉटेलात, ट्रकवर मुले गोव्याला जातात. काही तिकडेच बिऱ्हाड करतात. त्यांनी खरे तर तिकडे नाव घालावे. एका माणसाचे नाव दोन ठिकाणी चालत नाही, आणि गावात घर आहे एवढ्यानेही हक्क राहत नाही. पण रोपलावणीला आणि गणपतीला जो येतो, ज्याची बायकामुले इथेच आहेत, तो गेला असे कसे म्हणायचे?

नावांचा घोटाळा आणखी वेगळा. मराठी नाव कानडीत जाते आणि तिथून रोमन लिपीत. कानडीत 'ज्ञ' चा उच्चार आपल्यासारखा 'द्न्य' होत नाही. त्यामुळे माझा एक विद्यार्थी मतदार कार्डावर 'ज्नानेश्वरा' आहे आणि आधार कार्डावर 'द्न्यानेश्वर'. याला कुणी भाषिक अन्याय म्हणेल. मला तो निम्मा आपला आळस वाटतो, कारण दुरुस्तीसाठी नमुना ८ आहे आणि तो भरायला पाच मिनिटे लागतात. लग्न होऊन आलेल्या मुलींचे तर माहेरचे नाव निघत नाही आणि सासरचे चढत नाही. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला आमच्याकडे माणूस कमी पडत नाही; यादी वाचायला मात्र बोलवावे लागते. सीमाप्रश्न दिल्लीत सुटेल तेव्हा सुटेल, गल्लीतला नळ पंचायतीतच सुटायचा आहे. साधारण चारशे लोकवस्तीमागे एक सदस्य असतो. मते सारखी पडली तर चिठ्ठी टाकतात. तिथे एकेका नावाला किंमत आहे.

आता वर्षातून चार तारखांना, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या १ तारखेला, अठरा पूर्ण झालेल्यांना नोंदवता येते, आणि सतरा पूर्ण झाले की अर्ज आधीच देता येतो. मी दहावी होऊन गेलेल्यांची हजेरीपुस्तके काढून जन्मतारखा उतरून घेतल्या. बोलावले चाळीस, आले अकरा. त्यांतल्या दोघी आईचाही अर्ज घेऊन आल्या.

परवा अंगणवाडीच्या बाईंनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवले. "सर, ह्या घराला कुलूप आहे. शेजारी म्हणतात, गेले गोव्याला. काय लिहू?"

"आत्ता काही लिहू नका," मी म्हणालो. त्याचा फोन लागला नाही. मग शाळा सुटल्यावर आम्ही दोघे त्याच्या घराकडे निघालो.