तळणीचा वास

माझं नाक मंदावलंय. सून म्हणाली, "आई, काल बांगडे तळलेत ना? पडद्याला अजून येतोय." मला काहीच येत नव्हतं. घरगुती मालवणी जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईला हे मान्य करणं जड जातं. आमच्याकडे मासळी शिजतेय हे जिन्यात कुणाला कळत नाही, याचा मला फार गर्व होता. आमटीच्या कौतुकापेक्षाही जास्त.

कच्च्या मासळीचा हिमूस वास त्या मानाने सोपा. त्यात मुख्य ट्रायमिथाइलअमाइन, आणि ते आम्लापुढे टिकत नाही. कोकमाचं आगळ, लिंबू, चिंच लागली की त्याचा क्षार होतो, मग ते हवेत उडत नाही. विळीला, ओट्याला, हाताला लिंबाचं साल चोळायचं ते यासाठीच. तिथे खायचा सोडा टाकणाऱ्यांना मी टोकते. सोडा अल्कधर्मी, तो हा वास उलट मोकळा करतो.

माझं भांडण तळणीशी आहे. बांगडा मुळात तेलकट. तव्यावर पडला की तेलाचे बारीक कण उडतात, आणि जिथे बसतात तिथे खवट होत राहतात. खिडकी उघडली की वास गेल्यासारखा वाटतो, पण तो नुसता हवेत नसतोच. कपाटाच्या माथ्यावर, ट्यूबच्या पट्टीवर, डब्यांच्या झाकणांवर, पडद्याच्या विणीत तो बसलेला असतो. त्या रात्री घरातल्यांना कळत नाही, सकाळी बाहेरून येणाऱ्याला कळतं. तेलाचा धूर होऊ द्यायचा नाही, तवा उतरल्यावरही पंखा चालू ठेवायचा, साबणाच्या गरम पाण्याने त्याच रात्री सगळं पुसायचं. एवढं करूनही पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या की तो उरतोच.

उदबत्तीने तो जात नाही, त्यात चंदन तेवढं मिसळतं. धूर बाहेर न सोडणाऱ्या चिमण्याही मला पटत नाहीत. जाळी तेल अडवते, कोळशाची गाळणी थोडे महिने वास धरते, मग ती बदलायची आठवण कुणाला राहत नाही. आणि हॉलला जोडलेलं उघडं स्वयंपाकघर मासे खाणाऱ्या घरासाठी नव्हेच. सोफ्याच्या कापडात शिरलेला वास काढणं माझ्या हातून कधी झालेलं नाही.

आता सकाळी सून वास घेऊन सांगते आणि मी पुसते. तिच्यावर अवलंबून राहणं मला आवडत नाही, पण तिचं नाक खरं आहे. पडदे मी काढून टाकले.

नवं घर घेणाऱ्यांना एवढंच सांगते: स्वयंपाकघराची खिडकी मोकळ्या हवेत उघडते की शेजारच्या भिंतीवर, ते आधी बघा आणि मगच पैसे भरा.