तुराटीचा कोन

सातवीत कोनांच्या जोड्या शिकवायला घेतल्या की मी आधी कंपासपेट्या बंद करायला लावतो. कोनमापक हातात आला की पोरं आकड्याच्या मागे लागतात, कोन बघायचा राहूनच जातो.

आमच्या कळमनुरीत तुरीची रास झाली की तुराट्यांना तोटा नसतो. दोन तुराट्या मधोमध सुतळीनं बांधायच्या आणि कात्रीसारख्या उघडायच्या. वरचं तोंड जेवढं उघडतं तेवढंच खालचं. का? तुराटी सरळ आहे, म्हणून तिच्या एका अंगाला मिळून १८० अंश. डावा कोन आणि वरचा मिळून १८०. डावा आणि खालचा मिळूनही १८०. मग वरच्या-खालच्यात फरक येणार कुठून? विरुद्ध कोन सारखे असतात हे पहिल्यांदा थेलीसच्या ध्यानात आलं, असं जुने ग्रीक लेखक सांगतात. सिद्धता पुढे युक्लिडनं लिहिली. दोघांपाशी कोनमापक नव्हता.

एका वर्षी एका पोरीनं वरची दोन्ही टोकं मोडली आणि म्हणाली, “सर, वरचा कोन बारका झाला.” निम्म्या वर्गानं माना डोलावल्या. असल्या उत्तरावर मी पूर्वी चिडायचो. आता वाटतं, तिचं काय चुकलं? डोळ्याला लांबी दिसते. फिरणं दिसत नाही, ते करून बघावं लागतं. मी तिला वर्गाचं दार आणि खिडकीची झडप सारखीच उघडायला लावली. ती गप्प बसली, पण पटलं नव्हतं.

    

मग मी दुसरं उदाहरण घेतलं. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. तिला केंद्राची मंजुरी २०२३ मध्ये मिळाली. तिच्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर, एकमेकींशी काटकोनात. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा किंचित ताणली जाते तेव्हा दुसरी आखडते, म्हणून हा काटकोन. फळ्यावर आकृती काढून मी विचारलं, हा काटकोन मोठा की तुमच्या गुण्याचा?

“चार किलोमीटरचा आहे की, सर!” मागून आवाज आला.

तुराटी मोडणाऱ्या पोरीनं कंपासपेटी उघडली, गुण्या काढला, बराच वेळ त्याचा कोपरा बघत राहिली.

“तिथं नेऊन ठेवला तर बरोबर बसंल, सर.”