चर वरून बघायचे होते

नववीला समोच्च रेषा शिकवताना दर वर्षी एकाच ठिकाणी गाडी अडते. फळ्यावर एकात एक वेटोळी काढायची; रेषा जवळ जवळ आल्या की चढ उभा, लांब लांब गेल्या की सौम्य, असं सांगायचं. मुलं ते पाठ करतात, पेपरात बरोबर लिहितात. पण त्या वेटोळ्यांत त्यांना डोंगर दिसत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळतं.

आमच्या शाळेमागच्या डोंगरावर मात्र या रेषा खरोखरच काढलेल्या आहेत. २०१८ च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेसाठी ८ एप्रिल ते २२ मे असे पंचेचाळीस दिवस गाव श्रमदानाला जात होतं. त्या वर्षी पहिला क्रमांक आमच्याच माण तालुक्यातल्या टाकेवाडीला मिळाला. आमच्या गावाला बक्षीस नाही मिळालं, पण उतारावर सलग समतल चर पडले. हायड्रोमार्करच्या दोन काठ्या, मध्ये पाण्याची नळी. दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीला आलं की फक्की टाकायची आणि त्या फक्कीवर खणायचं. म्हणजे प्रत्येक चर ही एक समोच्च रेषाच. खालून नुसते मातीचे बांध दिसतात. वरून पाहिलं तर पुस्तकातलं पानच दिसेल, अशी माझी खात्री होती. ड्रोन घ्यायचा विचार तिथून डोक्यात आला.

पहिला ड्रोन मी घाईत घेतला. सहा हजारांच्या आत, हाताच्या पंजाएवढा, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘फोर-के’. घरात तो छान तरंगला. मग शाळा सुटल्यावर चार वाजता मैदानावर नेला. आमच्याकडे दुपारनंतर वारा उठतो, आणि याच्यात जीपीएस नव्हतं. आपण कुठे आहोत हेच त्याला ठाऊक नसल्यामुळे वारा नेईल तिकडे तो निघाला. मी हातातली दांडी उलट ओढत राहिले आणि तो ओढ्यापलीकडे दिसेनासा झाला. दोन दिवसांनी गुराख्याच्या पोराला बाभळीत सापडला. कार्डावर जे चित्रण होतं त्यात क्षितिज सारखं कलंडत होतं, आणि कॅमेरा समोर बघणारा, जागेवर घट्ट बसवलेला. तो कितीही उंच नेला असता तरी त्यातून चर दिसले नसते. हे मी घेण्याआधी विचारायला हवं होतं.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. फोनवर सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, “आत्या, खोक्यावरचं शेवटी वाच. आधी सांग, तुला बघायचं काय आहे?”

“डोंगर. सरळ वरून. कागदावर नकाशा ठेवल्यासारखा.”

“मग तीन गोष्टी धर, बाकी सोड. जीपीएस हवं. कॅमेरा गिंबलवर हवा आणि तो सरळ खाली वळायला हवा. आणि वाऱ्याचा आकडा बघ.”

गिंबल म्हणजे काय, हे त्याने सुट्टीत आला तेव्हा मित्राच्या ड्रोनवर दाखवलं. कॅमेरा तीन छोट्या मोटरींवर टांगलेला असतो. ड्रोन पुढे झुकला की मोटरी कॅमेऱ्याला तेवढंच उलट वळवतात. त्याने ड्रोन हातात धरून भरल्या तांब्यासारखा हिंदकळवला, आणि कॅमेरा आपल्या जागी स्थिर राहिला. स्वस्तातल्या ड्रोनमध्ये हे काम मोटरींऐवजी चित्राच्या कडा कापून केलेलं असतं. मला दोन्हींतला फरक त्या एका मिनिटात पटला. कोणी ड्रोन घ्यायला निघालं तर मी आता हेच सांगते: दुकानात तो हातात घेऊन हलवून बघा.

वाऱ्याचा आकडाही तितकाच कामाचा. हलक्या ड्रोनच्या माहितीपत्रकात ‘पाचव्या श्रेणीचा वारा’ असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे ताशी साधारण २९ ते ३८ किलोमीटर. ती वरची मर्यादा असते. तेवढ्या वाऱ्यात जागेवर टिकायलाच बॅटरी संपते. म्हणून मी ठरवलं की सकाळी नऊच्या आतच उडवायचं आणि आषाढात नावच काढायचं नाही.

वजनाचा विचार कायद्यामुळे करावा लागला. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो आणि त्याला चालक परवाना लागत नाही. त्याच्या वर दोन किलोपर्यंत ‘मायक्रो’. नॅनोला विम्याची सक्तीही नाही. म्हणून बाजारात जो तो २४९ ग्रॅमवर येऊन थांबलेला. जपानात पूर्वी ही रेघ २०० ग्रॅमवर होती, तर डीजेआयने २०१९ साली आपला माविक मिनी तिथल्यासाठी हलकी बॅटरी घालून १९९ ग्रॅमचा काढला. तीस मिनिटं उडणारं यंत्र त्यापायी अठरा मिनिटांवर आलं. एका आकड्यासाठी यंत्राचं आयुष्य एवढं बदलतं, याचं मला फार नवल वाटलं.

आणखी एक अडचण होती. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन आणायला बंदी आहे. सुटे भाग आणता येतात. भाच्याच्या मित्राचे काका दुबईहून येणार होते, ते आणतो म्हणाले. मी नको म्हटलं. शाळेत मुलांसमोर जी वस्तू उडवायची ती आडवाटेने आलेली नसावी, यावर मी ठाम होते. शेवटी भिशीचा नंबर लागला तेव्हा त्यात थोडी भर घालून, पन्नास हजारांच्या थोडं वर, देशात जुळवलेला एक घेतला. पक्कं बिल, दोन बॅटऱ्या, आणि पाती सुटी मिळण्याची खात्री. पाती पहिल्या महिन्यातच दोनदा बदलावी लागली, तेव्हा ही खात्री किती मोलाची ते कळलं.

घरी आणल्यावर किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. २४८. मग पात्यांभोवतीची प्लॅस्टिकची कडी बसवली, तर काटा अडीचशेच्या पुढे! म्हणजे जी कडी मी मुलांच्या सुरक्षिततेसाठी घेतली, तिने ड्रोन दुसऱ्या गटात ढकलला असता. कडी काढून ठेवली आणि मुलांना दूर उभं करायचं ठरवलं.

उडवण्याआधी गावाला सांगणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, अशी धास्ती पसरली होती. लोक रात्र रात्र पहारा देत होते. ती धास्ती आमच्या गावातही आली होती. म्हणून मी आधी पोलीस पाटलांना भेटले, मग ग्रामपंचायतीत आणि शेवटी मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर खोकं उघडलं. एक आजोबा म्हणाले, “बाई, आमच्या परसात तर न्हाई ना डोकावणार ह्यो?” मी शब्द दिला की डोंगर सोडून कुठे वळणार नाही. तो शब्द मी पाळला आहे. पुढे शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेत मुंगी घाट चढणाऱ्या कावडी वरून टिपा, असा आग्रह झाला, तोही मी मोडला. एवढ्या माणसांच्या डोक्यावर यंत्र न्यायचं नाही. ते हलकं असलं तरी पडतंच.

ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणाऱ्या सरकारी ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर आमचा भाग हिरवा दिसला. हिरव्यात १२० मीटरपर्यंत मुभा. भाच्याची पुण्यात पंचाईत होते. एकीकडे लोहगावचा हवाई दलाचा तळ, दुसरीकडे खडकवासल्याची एनडीए. तो सरावासाठीसुद्धा आमच्याकडेच येतो.

पहिल्या दिवशी चाळीस मुलं, मी आणि शिपाईमामा सकाळी सातला डोंगराच्या पायथ्याशी. मुरूम पात्यांत उडू नये म्हणून खाली पोतं अंथरलं. उपग्रह जुळेपर्यंत थांबले, परत यायची उंची मोबाईलच्या टॉवरपेक्षा वर ठेवली. आणि तरी एक चूक होणारच होती. पडद्यावर उंची १०० मीटर दिसत होती, पण ती उडाल्या जागेपासूनची. आमचा डोंगर पायथ्यापासून साठेक मीटर. माथ्यावर पोचल्यावर ड्रोन जमिनीपासून चाळीसच मीटरवर होता आणि तिथली लिंबाची झाडं अचानक मोठी दिसायला लागली. मी तिथेच थांबवला. “पायथ्याची उंची आणि माथ्याची उंची वेगळी ना बाई,” मागून एक मुलगी म्हणाली. वर्षभर जे मी फळ्यावर सांगत होते, ते ती मला सांगत होती.

मग कॅमेरा सरळ खाली वळवला.

पडद्यावर चर दिसले. एकाखाली एक, डोंगराच्या वळणाबरोबर वळणारे, घळीशी आत शिरून पुन्हा बाहेर येणारे. माथ्याकडे दाट, खाली विरळ. मुलं एकमेकांच्या खांद्यांवरून वाकली होती आणि कोणी बोलत नव्हतं. तीस टक्के बॅटरी उरल्यावर मी तो खाली घेतला.

ते छायाचित्र मोठ्या कागदावर छापून घेतलं. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून मुलांनी सगळे चर गिरवले. तिसऱ्या दिवशी एक मुलगा कागद घेऊन टेबलापाशी आला. पूर्वेच्या घळीजवळ दोन रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या.

“बाई, समोच्च रेषा एकमेकींना छेदत नाहीत ना?”

“नाही छेदत.”

“मग हे?”

मला उत्तर येईना. कागद त्याने घरी नेला. दुसऱ्या दिवशी सांगत आला की ते चर त्याच्या वडिलांच्या गटाचे. हायड्रोमार्कर दुसऱ्या गटाकडे गेला होता, अंधार पडत आला होता, तेव्हा शेवटची पंचवीस पावलं त्यांनी नजरेच्या अंदाजाने खणली. दर पावसाळ्यात पाणी तिथूनच फुटतं. येत्या रविवारी बापलेक दोघं फावडं घेऊन वर जाणार आहेत, आणि हायड्रोमार्कर शाळेतून न्यायची परवानगी त्याला हवी होती.