बी लिहेल हाय, मंग वाचू नको?

हदगावात मी बरीच वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. वर्गातल्या मुलांपेक्षा संध्याकाळी ओसरीवर येणाऱ्या त्यांच्या वडिलांचे प्रश्न जास्त खोल असत. पीककर्जाचे कागद, ट्रॅक्टरचं आरसी बुक, फवारणीच्या औषधाचा डबा, जे हाती असेल ते घेऊन येत. एका शेतकऱ्याने कुठल्याशा कचेरीत कर्जासाठीचा इंग्रजी शब्द ‘डेब्ट’ असा वाचला आणि तिथले साहेब हसले. तो मला म्हणाला, “सर, बी लिहेल हाय म्हणून मी वाचला. हसायचं काय त्याच्यात?”

त्याचं बरोबर होतं. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच. मूळ लॅटिन ‘डेबिटम’ आहे हे दिसावं म्हणून पंडितांनी तो मागाहून घातला. बोलणारे ‘डेट’च म्हणत राहिले. ‘रिसीट’मधला पीही तसाच लॅटिनच्या मानापोटी आलेला. ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ गैरसमजातून शिरला. लिहिलंय ते सरळ वाचणाऱ्या माणसाला हसणं मला तेव्हाही सहन होत नसे, आजही होत नाही.

आमच्या भागात इंग्रजी शब्द कुणाच्या तोंडून आले त्यावर त्यांचं रूप ठरलं. सप्टेंबर 1948 पर्यंत हा निजामाचा मुलूख, सरकारी शिक्षण उर्दूत. आजोबा ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ म्हणत, कारण सुरुवातीलाच स्क, स्ट असं ‘स’चं जोडाक्षर आलं की उर्दू बोलणारी जीभ आधी इ लावते. शाळेचं तोंड न पाहिलेली आजी मात्र भोकरच्या ‘ठेसना’वर उतरे. दोघांनाही गाडी वेळेवर मिळे.

मुलांना मी उच्चार देवनागरीतच लिहून देई. काही सहकाऱ्यांना ते कमीपणाचं वाटे. मला वाटत नसे, कारण आपल्या लिपीने इंग्रजीसाठी चांगली तयारी केलेली आहे. हिंदीत ‘बैंक’ लिहितात, आपण ‘बँक’. अ‍ॅ आणि ऑ तर 2009च्या शासन निर्णयाने रीतसर वर्णमालेत आले. ‘व्हॅन’ला व्ह, ‘वॉर्ड’ला व, हा भेद आपण लिहून दाखवतो. ‘झिरो’ म्हणताना झेंड्यातला झ नको, झाडातला घे, एवढं सांगितलं की पोरं पटकन पकडत.

सातवीतल्या एका मुलीची वही अजून आठवते. तिने शब्द घरातल्या कीटकनाशकाच्या डब्यावरून उतरवले होते: ‘पॉयझन’, विष, ‘अँटिडोट’, उतारा. शेजारी टोकावर उभा केलेला चौकोन काढून खालचा अर्धा भाग लाल रंगवला होता. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, हे तिने वडिलांना समजावलं होतं. कापूस, सोयाबीन, हळदीच्या या गावात ‘अँटिडोट’चा अर्थ आधी कळायला हवा, उच्चार पुढे बघता येतो.

देवनागरीत एक गोष्ट निसटते, ती म्हणजे जोर. ‘डेव्हलप’ आपण पहिल्या अक्षरावर आपटतो. खरा उच्चार ‘डिव्हेलप’, जोर ‘व्हे’वर. म्हणून जोराच्या अक्षराखाली मी लाल रेघ मारत असे. मराठीत उच्चार देणाऱ्या शब्दकोशांनी आणि गाइडांनी ही एक रेघ छापायला सुरुवात करावी. खर्च काहीच नाही.